माझे चूकले

छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंनी ती अटॅचमेंट उघडली ती कुतूहलापोटी नव्हे, संतापापोटी. सकाळी एका अनोळखी पत्त्यावरून मेल आली होती: 'माझे चूकले. मला क्षमा करा. सवीस्तर सोबत जोडले आहे.' दोन ओळींत दोन चुका. सविस्तर मजकुरात हा माणूस काय धुमाकूळ घालत असेल, या विचारानं बाईंचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि दुसऱ्या हातानं त्यांनी फाईल उघडली.

आत काहीच नव्हतं. कॉम्प्युटर मात्र धाप लागल्यासारखा घरघरू लागला.

बाईंनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"आधी नेटची वायर उपटा," तो म्हणाला. "हा किडा आहे, बाई. फाईल उघडली की तो तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला तुमच्या नावानं तीच मेल पाठवतो. त्यांनी उघडली की त्यांच्या यादीला."

"तीच मेल? म्हणजे त्याच चुकांसकट?"

"हो, जशीच्या तशी."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. यादीत तीनशे बारा माणसं होती. कॉम्प्युटर बिघडला तर बिघडो, पण आपल्या नावावर 'चूकले' गेलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. वायर उपटल्यामुळे खुलासा पाठवायची सोय उरली नव्हती. त्या एकेकाला फोन करायला बसल्या, तर फोनच आधी वाजला.

"दोन चुका आहेत," पलीकडून शाळेतले व्याकरणाचे गुरुजी बोलत होते. वय वर्षं एक्क्याऐंशी. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. दहा वेळा लिहून काढ."

बाईंनी त्यांना अटॅचमेंट उघडू नका म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. लगेच यजमानांचा आला.

"तुझी मेल वाचली," ते म्हणाले. "तू एवढा मोठेपणा दाखवलास, मग मी तरी का लपवू? तुझा चष्मा मांजरानं नाही मोडला. मीच त्याच्यावर बसलो होतो."

"चार महिने मी त्या मांजराला दूध देत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मी देतोय गुपचूप. तेही माझंच चुकलं."

पुढे काही बोलायच्या आत दारात मालक उभे राहिले. कपाळावर घाम होता.

"बाई, मशीन थांबवलंय. डॉक्टरसाहेबांच्या आत्मचरित्राचा पहिला सोळा पानांचा फर्मा चढवला होता. रविवारी प्रकाशन आहे. काय चुकलंय ते सांगा पटकन."

"काही नाही चुकलं. ती मेल मी पाठवलेली नाही, किड्यानं पाठवली."

मालकांनी त्यांच्याकडे अतिशय मायेनं पाहिलं. "बाई, वीस वर्षांत तुम्ही कधी चूक कबूल केली नाहीत. अवघड जातंय, समजतं मला. पण किड्यावर ढकलू नका. पुन्हा एकदा वाचून काढा, तोवर मशीन बंद."

मालक गेले आणि पाठोपाठ खुद्द डॉक्टर हजर झाले. शहरातले नावाजलेले शल्यविशारद, पण आज दारातच घुटमळले.

"मेल मिळाली तुमची," ते हळूच म्हणाले. "म्हणजे तुम्हाला दिसलं तर."

"काय दिसलं?"

"काही नाही, काही नाही. वाचा तुम्ही."

बाईंनी फर्मा पुढ्यात ओढला. पहिलं पान, दुसरं पान, तिसऱ्यावर अर्पणपत्रिका: 'जिच्यामुळे मी रडलो, त्या माझ्या पत्नीस.'

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तीन वेळा हे पान त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. 'रडलो'मधला र बरोबर, ड बरोबर, ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नच नाही. शब्द इतका शुद्ध होता, की डोळा त्याच्यावर अडलाच नाही.

"घडलो," त्या पुटपुटल्या. "इथे 'घडलो' हवं होतं. माझ्याकडून सुटलं कसं?"

"सुटलं नाही हो," डॉक्टरांनी दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "मी तसंच लिहिलंय. म्हटलं, चाळीस वर्षांत एकदा तरी खरं छापून येऊ दे. कुणी विचारलंच, तर छपाईची चूक म्हणता आलं असतं."

"म्हणजे माझी चूक."

डॉक्टर छताकडे पाहू लागले.

"सापडलं का?" मालक पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर अजून छताकडेच पाहत होते. बाईंनी लाल पेनानं 'र' खोडला, वर सुबक 'घ' काढला आणि पान मालकांच्या हातात दिलं.

"डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही मला," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

"तरी म्हटलं, तुम्ही उगाच माफी मागणार नाही," म्हणत मालक समाधानानं मशीनकडे धावले.

मग पलीकडे मशीन सुरू झाल्याचा आवाज आला आणि डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली.

"बरंच झालं म्हणा," ते म्हणाले. "रविवारी प्रकाशन आटोपल्यावर घरी मलाच जायचंय."