बढतीतला ढ

मोर्चा कसा काढावा हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं थेट माझ्याकडे यावं! आमच्या कर्मचारी संघटनेचा मी सरचिटणीस. हे पद मी मागितलं नव्हतं. सभेला उशिरा पोचलो आणि तोवर सगळ्यांनी ते एकमतानं माझ्या गळ्यात घालून टाकलं होतं. पण एकदा गळ्यात पडल्यावर मी ते असं मिरवलं, की घरी भाजी निवडतानासुद्धा ‘मी ठराव मांडतो’ म्हणायला लागलो.

आमचं ऑफिस नकाशांचं. रस्ते, ओढे, पूल, गटारं, सगळं कागदावर काढायचं, तपासायचं आणि छापायला पाठवायचं. तर एक दिवस वरून हुकूम आला, की ऑफिस दुसऱ्या गावी हलणार. गाव इतकं लांब आणि इतकं नवं, की आमच्याच नकाशात ते सापडेना! बरं, सक्ती कोणावर नाही. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी इथेच जुन्या इमारतीत किरकोळ कामं करत बसावं. फक्त एक बारीकशी अट: बढती मिळेल ती तिकडे येणाऱ्यांनाच.

ही बारीकशी अट सगळ्यात जास्त झोंबली ती ताईला. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आमच्याच ऑफिसात नकाशा तपासनीस. मुख्य तपासनीस व्हायची पाळी आता तिचीच होती. पण भावोजींचं चष्म्याचं दुकान इथे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. जाणार कशी?

“म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत याच स्टुलावर बसायचं,” ती म्हणाली, “आणि परवा लागलेली पोरं तिकडे जाऊन माझे साहेब होणार!”

 झालं! माझं रक्त खवळलं.

“ताई, तू बघच! तुझी बढती इथेच, याच इमारतीत मिळवून देतो. नाही दिली तर नाव लावणार नाही!”

“नाव राहू दे. काहीतरी धड कर म्हणजे झालं.”

मग मी एक नामी युक्ती काढली. मूक मोर्चा! साहेबांच्या केबिनच्या काचा कायम बंद, त्यामुळे आरडाओरडा करून घसा फोडण्यात अर्थ नव्हता. पण साहेबांचे डोळे तर उघडे असतात ना? (जेवणानंतरचा वेळ सोडून.) तेव्हा सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधायचे आणि खिडकीसमोर एकच भलामोठा फलक धरायचा. घोषणाही मीच रचली. भर चौकात उभं राहून मी पेंटरला फोन लावला.

“लिहून घ्या! बढती हवी! आत्ता हवी! सगळ्यांना हवी!”

पलीकडे कोणीतरी जीव खाऊन पत्रा ठोकत होतं.

“काय हवी? बदली?”

“बदली नाही हो! ढ! ढ!”

“कोण ढ?”

“तुम्ही! तुम्ही ढ...”

‘लिहा’ हा शब्द एका ट्रकच्या हॉर्ननं खाल्ला.  मग पेंटर थंड आवाजात म्हणाला, “बरं!” आणि फोन ठेवला. काय समजूतदार माणूस, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी फलक आला तो गुंडाळी करून. पेंटर माझ्याकडे न बघताच निघून गेला. घाईत असेल बिचारा! आम्ही दोन बांबूंना कापड बांधलं, रस्त्याच्या पलीकडून इमारतीकडे तोंड करून उलगडलं आणि सगळे त्याच्यामागे रांगेत उभे राहिलो.

तुम्हाला म्हणून आत्ताच सांगतो. कापडाच्या पुढच्या बाजूला हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बदली हवी! आत्ता हवी! सगळ्यांना हवी!’ आणि आम्ही सगळे कापडाच्या मागच्या बाजूला! कापडही चांगलं जाडजूड, मीच निवडलेलं!

मोर्चाचा परिणाम लगेच दिसू लागला. एक सायकलवाला फलक वाचता वाचता खांबावर जाऊन आदळला. एक आजोबा थांबले, चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, “इतका कंटाळा आलाय का हो इथला?” त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नाही, पण जनतेचा पाठिंबा गमवायचा नाही म्हणून मी रुमालाआडून जोरजोरात मान हलवली.

इतक्यात वरची काच उघडली! साहेबांचा चेहरा दिसला. पांढराफटक! शिपाई धावत खाली आला. “साहेबांनी बोलावलंय. ताबडतोब.”

मी आणि ताई वर गेलो. साहेब रुमालानं कपाळ पुसत होते.

“सगळ्यांना हवी?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांना!” तोंडावरचा रुमाल उतरवून मी गरजलो.

“अगदी शिपायालासुद्धा?”

“त्याला तर आधी!”

“आणि आत्ता?”

“आजच्या आज!”

“अहो, पण तुम्हाला बसवू कुठे? खुर्च्या मोजक्याच आहेत!”

“कमी असतील तर वाढवा! आमच्या माणसांनी जन्मभर स्टुलावरच बसायचं का?”

“तिथे स्टूलसुद्धा मावणार नाहीत हो!” साहेब रडकुंडीला आले. “मला वाटलं होतं, निम्म्याहून जास्त लोक नको म्हणतील. त्याच हिशेबानं मी जागा घेतली. आता वरच्यांना काय तोंड दाखवू?”

साहेबांचं डोकं फिरलं की काय? बढतीला कधी कोणी नको म्हणतं?

ताई मात्र तोवर खिडकीपाशी गेली होती. तिनं सहज खाली पाहिलं. तिचे डोळे विस्फारले. ती तशीच मागे आली आणि टाचेनं माझा पाय चिरडला.

“आई गं!” मी ओरडलो.

“बघा, किती कळवळून मागतायत,” साहेब म्हणाले.

“साहेब,” ताई शांतपणे म्हणाली, “ही मागणी आम्ही मागे घेऊ.”

“मागे?” मी किंचाळलो. दुसरा पाय चिरडला गेला.

“पण मग इथे राहणाऱ्यांचं पुढे काय?” ताईनं साहेबांना विचारलं.

साहेब खुर्चीतून उठलेच. “इथे राहतील त्यांना इथेच बढती! नोकरीच्या क्रमानं! आत्ता लिहून देतो! पण बाई, खालच्या लोकांना आवरा!”

आणि त्यांनी खरोखरच लिहून दिलं! मी थक्क. मागणी मागे घेऊन मागणी मान्य करून घ्यायची, हा डाव मलासुद्धा सुचला नसता.

“तरीपण,” साहेब जरा सावरून म्हणाले, “संघटनेचा मान राहिला पाहिजे. तुमच्यापैकी एकाला आजच्या आज देऊन टाकतो. कोणाला हवी?”

“मला!” मी हात वर केला. ताईनं माझा शर्ट मागून इतका ओढला, की बटण तुटून साहेबांच्या टेबलावर पडलं. पण माझा हात वरच!

जिन्यात मी अक्षरशः नाचत होतो. “ताई, तुलाही आणि मलाही! बहीण-भाऊ एकाच दिवशी!”

 हसू आवरत ताईनं माझा कान धरला आणि मला फलकाच्या पुढच्या बाजूला नेऊन उभं केलं.

“वाच.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिथूनच पेंटरला फोन लावला. “अहो, ढ कुठाय?”

“तुम्ही मला ढ म्हणालात,” पेंटर म्हणाला, “तरी मी मनावर घेतलं नाही. शिवी तेवढी गाळली आणि बाकी काम चोख केलं.”

पण एव्हाना बढतीची बातमी फुटली होती. रुमाल हवेत उडाले! ताईला लोकांनी आतून आणलेल्या खुर्चीसकट उचललं. भावोजी तर एका गिऱ्हाईकाच्या नाकावर बिनकाचेची नुसती फ्रेम ठेवून धावत आले आणि रस्त्यातच सगळ्यांशी हस्तांदोलन करत सुटले. मीही नाचलो. बदली झालेला माणूस आपल्याच बदलीत इतका खुशीत कधी कोणी पाहिला नसेल.

संघटनेकडे दाद मागायचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण मागणी मान्य झाल्यावर तक्रार कसली? आणि ती तक्रार घेणार कोण? सरचिटणीस!

पुढच्याच आठवड्यात ताई मुख्य तपासनीसाच्या खुर्चीत बसली. टेबलावर पहिला कागद आला तो माझ्या बदलीचा. ‘कर्मचाऱ्यास सोडण्यास हरकत नाही’, आणि खाली तिच्या सहीची जागा.

“ताई, अडव की गं!”

“पहिल्याच दिवशी भावासाठी कागद अडवू? लोक काय म्हणतील?” तिनं पेन उघडलं.

“मग निदान थोडं रड तरी!”

“रडते रे. आधी सही तर करू दे, शाई पसरेल.”

आणि खरंच, सही वाळल्यावर ती इतकी रडली, की मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं. कागद मात्र तिनं त्याआधीच आठवणीनं बाजूला ठेवला होता.