क्यूला कुंकू

दस्तगीर साहेबांनी चहाची बशी खाली ठेवत सहज विचारलं, "हिम्मतराव, आप स्नूकर खेलते?" आणि हिम्मतराव तितक्याच सहज म्हणाले, "हौ, साहेब."

स्नूकर हे खाण्याचं असतं की खेळण्याचं, हे हिम्मतरावांना त्या प्रश्नातल्या क्रियापदावरूनच कळलं होतं. पण ते छप्पन साल होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात आणि मराठवाडा मुंबईत जाणार होता. जमिनीचं ठरलं होतं, माणसांचं ठरायचं होतं. कुठला कारकून कुठल्या राज्याच्या वाट्याला जाणार, यावर कचेरीत दिवसभर कुजबुज चाले, आणि हिम्मतरावांच्या खात्यात तरी दस्तगीर साहेब म्हणतील तसं होणार होतं. साहेबांनी "आप उड़ते?" असं विचारलं असतं तरी हिम्मतराव हौच म्हणाले असते.

त्यांना हैदराबाद सोडायचं नव्हतं. मूळ गाव परभणीकडचं, पण तिथं आता भाऊबंदांखेरीज काही उरलं नव्हतं. इथं चिक्कडपल्लीत घर होतं, घरापुढं बायकोनं, सत्यवतीनं, वाढवलेला कढीपत्ता होता, आणि एकुलती एक लेक दिली होती गौलीगुड्यात, हाकेच्या अंतरावर. मुंबईत कोण होतं? समुद्र होता. समुद्राशी त्यांची ओळख नव्हती.

"बहुत खूब," साहेब म्हणाले. "हमारे जोड़ीदार तो कराची चले गए. दसरे की छुट्टियों में एक बाज़ी हो जाए. मगर क्यू अपनी लाना, हिम्मतराव. पराई क्यू से खेलना मतलब पराए दाँतों से खाना."

हिम्मतराव बाहेर आले आणि शेजारच्या टेबलावरच्या अप्पारावांना हळूच विचारलं, "क्यू म्हंजे काय हो?"

अप्पारावांना मराठी येत होतं आणि स्नूकर येत नव्हता. पण रोज संध्याकाळी घरी जाताना ते क्लबाच्या खिडकीशी थांबून खेळ बघत, त्यामुळं त्यांची मतं पक्की होती. "लकड़ी होती जी. लंबी. उससे सफेद गेंद को मारना, सफेद गेंद जाके बाकी गेंदों को मारती. आपण स्वतः कुणाला मारायचं नाही. सरकारी कामासारखं."

गुरुवारी दोघं जुमेरात बाजारात गेले. जहागिऱ्या बुडाल्यापासून नवाबांच्या देवड्यांमधलं, म्हणजे वाड्यांमधलं, सगळं वैभव तिथं रस्त्यावर पोत्यांवर मांडलेलं असे. झुंबरं, हुक्के, पालख्यांचे दांडे. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं क्यूंची मोळीच होती.

"सीधी है की नहीं, देखने कू लुढ़काना," अप्पारावांनी सांगितलं. लुढकवली. रस्ता उताराचा. क्यू घरंगळत गेली ती समोरच्या बकरीच्या पायाशी थांबली, आणि बकरीनं तिचा वास घेऊन तोंड फिरवलं. "ही नको," हिम्मतराव म्हणाले.

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. त्यांचे वडील बैल हाकायची काठी, तुतारी, जशी निवडायचे तशी. आधी हातावर तोलली. मग नखानं टकटक करून कानाशी धरली. मग एक टोक जमिनीत रोवलं आणि मध्यावर गुडघा लावून वाकवायला घेतली.

"अजी हौले हो गए क्या?" दुकानदार ओरडत उठला. "नवाब साब की क्यू है! बैलाँ हाँकने की लकड़ी समझे क्या?"

"वाकली नाही," हिम्मतराव समाधानानं म्हणाले. "हीच घेऊ."

क्यू खरोखर चांगली होती. फिकट लाकडाची, रेषा टोकापर्यंत सरळ गेलेल्या, मुठीला काळं शिसवी लाकूड. हिम्मतरावांनी ती आडवी धरून सायकलरिक्षात बसवली तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही काहीतरी छंद आहे.

घरी आल्यावर त्यांनी अप्पारावांचे नियम वाचून दाखवल्यासारखे सांगितले. भिंतीला टेकवायची नाही, वाक येतो. ऊन नको, ओल नको. टोकाच्या चामड्याला बोट लावायचं नाही. तेल तर अजिबात नाही, रोज कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची.

"एवढे लाड तर म्या तुझे बी केले न्हाईत," पार्वतीबाई म्हणाल्या. पार्वतीबाई म्हणजे हिम्मतरावांची आई. "तुला तर भिंतीलाच टेकवून शेतात जायची मी."

"म्हणूनच वाक आलाय, माय," सत्यवती हसू दाबत म्हणाली.

भिंतीला टेकवायची नाही, जमिनीवर ओल, म्हणून हिम्मतरावांनी माजघरातल्या आढ्याच्या कड्यांना सत्यवतीच्या जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या बांधल्या आणि क्यू त्यात आडवी निजवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुशीलाबाई विरजण मागायला आल्या. वर बघितलं, सत्यवतीकडं बघितलं, आणि विरजण न घेताच परतल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायका चिंचा घेऊन हजर झाल्या.

"या वयात? धीराची बाई!" एकजण म्हणाली.

"अहो, त्यात काठी आहे, काठी!" सत्यवती कळवळून म्हणाली.

"देवानं दिलेलं असं बोलू नये बाई," सुशीलाबाईंनी समजावलं.

हे निस्तरेपर्यंत खंडेनवमी आली. पार्वतीबाईंनी पहाटेच घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. विळी, अडकित्ता, खुरपं, सासऱ्यांचा विळा, हिम्मतरावांची दौत. हिम्मतराव अंघोळ करून आले आणि दारातच थिजले. सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेली क्यू होती. अंगभर करडईचं तेल चोपडलेलं. टोकाच्या चामड्याला तेलात कालवलेलं कुंकू, बोटभर जाड.

"माय! टोकाला हात लावायचा नव्हता!"

"ते त्याचं कपाळ न्हाई का? मग कुंकू काय पायाला लावू?"

हिम्मतराव कपाळाला हात लावून बसतात न बसतात, तोच दारात साहेबांचा शिपाई उमाजी उभा. "राव, साहेबांनी याद केलंय. आज चार वाजता क्लबात. अन् साहेबांनी सांगितलंय, कागद पाठवायच्या आधी एकदा बसून बोलू."

कागद म्हणजे कुठले, हे सगळ्यांना समजलं. सत्यवतीनं पदर खोचला. हिम्मतराव पाटाकडं धावले. पण पार्वतीबाई आधीच पाटापुढं मांडी घालून बसल्या होत्या.

"आज पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्याला हलवायचं. आज न्हाई."

"माय, नोकरीचा प्रश्न आहे. हैदराबादचा प्रश्न आहे!"

"तुझ्या बापानं भर पेरणीत नवमीला औताला हात लावला नव्हता." मग त्या जराशा विचारात पडल्या. "एकच सूट असते. शत्रू दारात आला तर उचलतात. त्यो साहेब तुझा शत्रू हाय का?"

"नाही गं माय. देवमाणूस आहे."

"मग न्हाई."

"अहो, शत्रू म्हणा!" सत्यवती कुजबुजली.

हिम्मतरावांनी दारातल्या उमाजीकडं बघितलं. "उमाजी, जरा कानांवर हात ठेव रे." उमाजीनं मुकाट्यानं ठेवले. हिम्मतराव घसा साफ करून म्हणाले, "आहे, माय. शत्रू आहे. कट्टर."

"मग आधी का बोलला न्हाईस?" पार्वतीबाई टुणकन उठल्या. त्यांनी निरांजन लावलं, लेकाला ओवाळलं, क्यूलाही ओवाळलं, आणि लेकाच्या कपाळावरही बोटभर कुंकू ओढलं. "आता ऐक. लढाई होस्तोवर हत्याराचं कुंकू पुसायचं न्हाई. पुसलंस तर तुला माझी आण."

रिक्षावाला मिळाला नाही. माळ घातलेली क्यू खांद्यावर घेऊन, कपाळाला मळवट भरून, हिम्मतराव चालत निघाले. मागून कानांवर हात ठेवलेला उमाजी. त्याला हात काढ म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं. चौकात एका तेलुगू म्हातारीनं रस्ता अडवला, क्यूला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "ए देवुडु, बाबू?" कुठला देव?

हिम्मतरावांना घाई होती. "स्नूकर," ते म्हणाले.

"स्नूकरम्मा तल्ली!" म्हातारीनं गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि क्यूवर हळद उधळली.

क्लबात हिरव्या टेबलाशी शेरवानीतले दस्तगीर साहेब उभे होते. त्यांनी क्यू बघितली, माळ बघितली, हिम्मतरावांचं कपाळ बघितलं. जुन्या हैदराबादचा माणूस. एका शब्दानं विचारलं नाही. उलट माळेतलं एक फूल आदरानं काढून शेरवानीच्या काजात खोचलं. "बिस्मिल्लाह कीजिए."

हिम्मतरावांचा बेत साधा होता. हरायचं. त्यासाठी काही येण्याची गरज नव्हती. त्यांनी क्यू टेकवून पांढऱ्या चेंडूला ढोसलं. चेंडू कसाबसा लाल चेंडूंच्या घोळक्यापर्यंत गेला. पण जाताना त्याच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर ठसठशीत कुंकू उमटलं होतं.

गुण मांडणारा मार्कर फडकं घेऊन धावला. साहेबांनी हात वर केला.

"रहने दो. किसी के मज़हब का टीका मैं नहीं पोंछता."

"साहेब, पुसा की," हिम्मतराव अजिजीनं म्हणाले.

"तो आप पोंछिए."

हिम्मतरावांना आईची आण आठवली. "माझ्याच्यानं नाही होणार, साहेब."

"मेरे से भी नहीं होता," साहेब म्हणाले, आणि खेळ तसाच पुढं चालला.

सुरुवातीला साहेबच जिंकत होते. सुरीनं लोणी कापावं तसे चेंडू भोकात पडत होते, आणि हिम्मतराव मनातल्या मनात कढीपत्त्याला पाणी घालत होते. पण हिम्मतरावांच्या प्रत्येक ढोसणीबरोबर पांढऱ्या चेंडूवर नवं कुंकू चढत होतं. तेलात कालवलेलं. चेंडू गडगडला की ते पसरायचं. हळूहळू तो गुलाबी झाला, मग शेंदरी, मग इतर लाल चेंडूंसारखाच लाल. आणि साहेब चष्मा फक्त फायलींना लावत. खेळताना चष्मा लावणं त्यांना म्हातारपण वाटे.

या खेळात एक चमत्कारिक सोय आहे. तुम्ही चुकलात की गुण समोरच्याला मिळतात. साहेबांनी ऐटीत नेम धरला आणि भलत्याच लाल चेंडूला टोला दिला.

"फाउल," मार्कर हळूच म्हणाला. "हिम्मतराव साब को चार."

"नको, नको!" हिम्मतराव म्हणाले.

"कायदा कायदा होता," साहेब ओठ आवळून म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी खूप वेळ निरखलं, एक लाल चेंडू हेरला आणि दुसऱ्या लाल चेंडूनं तो सुरेख भोकात घातला. टाळी पडणार, एवढ्यात मार्करनं भोकात वाकून बघितलं. आत पडलेला तोच होता. पांढरा.

"फाउल."

हिम्मतरावांनी परोपरीनं चुकायचा प्रयत्न केला. पण टेबलावर इतके लाल चेंडू होते की कसंही ढोसलं तरी एखाद्याला धक्का लागायचाच, आणि आपला चेंडू कोणता हे सगळ्या क्लबात त्यांनाच अचूक ठाऊक होतं. ते "साहेब, तो नाही, हा" असं दाखवायला गेले, तर साहेब म्हणाले, "इशारे नक्को, हिम्मतराव. हम इतने गए-गुज़रे नहीं हुए." रागानं टोले जोरात बसू लागले. जोरात बसतील तितके चुकू लागले. एकही चेंडू भोकात न घालता हिम्मतराव जिंकले.

मार्करनं गुण सांगितले आणि मागं सरकला. साहेब शांतपणे क्यू पुसत उभे राहिले.

"साहेब, आणखी एक डाव," हिम्मतराव काकुळतीला आले. "मी आत्ता हरतो. लगेच."

"हारना क्या चाय पीना है? और टेबल देखो." हिरव्या कापडावर कुंकवाच्या रेघांची रांगोळी उठली होती. "कपड़ा बदलने तक मैं यहाँ नहीं. मेरा हुक्म आ गया. पहली तारीख से बंबई."

"साहेब, तुम्ही? मुंबईला?"

"हौ. आपका नाम मैंने यहीं के लिए रखा था."

"मेहेरबानी, साहेब!"

"वापस लेता हूँ." साहेबांनी क्यू पेटीत ठेवून झाकण लावलं. "ऐसी हार लेकर मैं अकेला बंबई जाऊँ? आप मेरे साथ चलते. जब तक बदला नहीं लेता, आपको छोड़ता नहीं, हिम्मतराव."

घरी पार्वतीबाई उंबऱ्यातच वाट बघत होत्या. "जिंकलास?"

"जिंकलो."

"काय जिंकलास?"

"मुंबई," हिम्मतराव म्हणाले आणि पायरीवर बसले.

सत्यवतीनं सगळं ऐकून घेतलं. आधी ती रडली. मग रडता रडता हसली, कारण साहेबांच्या शेरवानीतलं फूल तिच्या डोळ्यांपुढं आलं. मग तिनं नाक पुसलं. "त्यांना एकदा जिंकायचंय ना? मग जिंकू द्या. जिंकले की सोडतील, अन् येऊ आपण परत."

"मुद्दाम हरलो तर ओळखतील गं. हयात गेलीय त्यांची त्या खेळात."

"मग ओळखू येणार नाही असं हरा."

"त्यासाठी आधी खेळता यायला लागतं!"

"मग शिका," सत्यवती म्हणाली. तिनं दिवाणावर आपलं हिरवं लुगडं ताणून अंथरलं, चार कोपऱ्यांत चार वाट्या ठेवल्या आणि टोपलीतली लिंबं आणून मांडली. हिम्मतराव वाकले, नेम धरला आणि ढोसलं. लिंबू दिवाणावरून उडून थेट पार्वतीबाईंच्या मांडीत पडलं.

"हे तर कुणीही ओळखील," सत्यवती म्हणाली. "वाटीच्या काठापर्यंत जाऊ द्या. अन् मग थोडक्यात चुका."

हिम्मतराव पुन्हा वाकले. घरात ट्रंका भरल्या जात होत्या, लेक गौलीगुड्याहून येऊन डोळे पुसत भांडी बांधत होती, आणि मुंबईची गाडी निघायच्या दिवसापर्यंत हिम्मतराव थोडक्यात चुकायला शिकत होते.