सगळे मुद्दे मिटले

परीक्षा आठवड्यावर आली तरी लेकीकडे एकही भांडण नव्हतं.

वर्गातल्या बाकीच्यांची चैन होती. एकीच्या मावशीचं भाडेकरूशी वाजलं होतं. एकाच्या तर दोन सख्ख्या आत्या कुंपणावरून एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, आणि तो पठ्ठ्या वर्गात मोठ्या ऐटीत वावरत होता. लेकीच्या कायद्याच्या पदवीत पाठांतराला फारसा भाव नव्हता, सगळा भर प्रत्यक्ष कामावर. मध्यस्थीच्या विषयाला लेखी पेपरच नव्हता. आपल्या ओळखीतला एखादा वाद शोधायचा, दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून बोलतं करायचं, मग समोरासमोर आणून समझोता घडवायचा आणि तो प्राध्यापिका बाईंपुढे ठेवायचा. आपल्या घरात सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं, ही गोष्ट लेकीला आयुष्यात पहिल्यांदाच खटकली.

आईने मदतीची तयारी दाखवली. बाबांशी भांडायला ती एका पायावर तयार होती, पण समझोता करणार नाही असं तिने आधीच सांगून ठेवलं. शेवटी बाबांनीच तोड काढली.

"त्यात काय एवढं? मी आणि वरचा भांडतो की खोटं खोटं. आपल्या वकीलबाईंचं काम होऊन जाईल."

वरचा म्हणजे वरच्या मजल्यावरचे सलूनवाले काका. बाबांचं चष्म्यांचं दुकान, काकांचं त्याच रस्त्यावर सलून. रोज संध्याकाळी दुकानं बंद झाली की काका खाली यायचे आणि दोघं गॅलरीत बुद्धिबळ मांडून बसायचे. सुट्टीच्या दिवशी त्याच गॅलरीत काका बाबांचे केस कापायचे. काकांच्या नाकावरचा चष्मा अर्थातच बाबांच्या हातचा. आईला हे दोघं म्हणजे डोक्याला ताप वाटायचे, पण काकांना यायला उशीर झाला की जिन्याकडे पहिली नजर तिचीच जायची.

खोट्या भांडणाची कल्पना काकांना फार आवडली. चार शिव्या घालू का, असंही त्यांनी विचारून घेतलं. वादाला विषय हवा होता, म्हणून जिन्यात ठेवलेलं काकांचं चपलांचं कपाट सर्वानुमते निवडण्यात आलं. त्या बिचाऱ्या कपाटाने आजवर कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

आधी बाबांची पाळी. बाईंनी शिकवलेली मुख्य युक्ती अशी की प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, तो स्वतःच बोलून ती भरून काढतो. लेकीने दार लावलं, कपाटाचा काय त्रास होतो ते विचारलं आणि गप्प बसली.

"पाय ठेचतो," बाबा पढवल्यासारखे म्हणाले. लेक गप्प. "म्हणजे एकदाच ठेचला होता." लेक तरी गप्प. बाबांनी खुर्ची मागेपुढे केली. "खरं सांगू का, कपाटाचं काही नाही गं. पण तो खेळताना शीळ वाजवतो. माझं डोकं चालेनासं होतं. मी काय उगाच हरतो का रोज?"

लेकीने मान हलवली. मान हलवायला परवानगी होती.

"आणि हे केस," बाबा म्हणाले. "दुकानात आलेली माणसं आधी माझ्या डोक्याकडे बघतात, मग फ्रेमकडे."

इथेच थांबायला हवं होतं. पण खोट्या वादाच्या पोटातून खरा वाद निघाला म्हटल्यावर लेक हरखून गेली. हे काकांना सांगू का, असं तिने नियमाप्रमाणे विचारलं. तुझ्या परीक्षेसाठी काय वाटेल ते सांग, असं बाबा म्हणाले.

काकांना बोलतं करायला तर दोनच शांतता पुरल्या. बाबांच्या चष्म्यातून त्यांना पायरी असते तिथे दिसत नसे. सलूनसाठी त्यांनी दुसरीकडून एक चष्मा करून घेतला होता, आणि खाली येताना जिन्यात तो बदलून बाबांचा घालायचे. जिना मग कठडा धरून उतरायचे. हे सांगू का? काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सांग. तुझे गुण वाढणार असतील तर सांग."

समोरासमोरची बैठक गॅलरीतच झाली. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याला सांगताना शब्द सौम्य वापरायचे, असा नियम होता. लेकीने इतके सौम्य शब्द वापरले की दोघांनाही ते थेट लागले.

"केसांबद्दल असं वाटतंय तुला? कधीपासून?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले.

"मग इतकी वर्षं मान कशाला पुढे केलीस?"

"तू हौसेने कात्री घेऊन यायचास. आणि तू तरी तो चष्मा का घातलास?"

"तू हौसेने बनवला होतास."

यावर दोघांनी कडाकडा भांडायला हवं होतं. दोन शिव्या, एखादा डाव उधळणं, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वीसारखं. पण लेकीची परीक्षा होती, म्हणून दोघंही शहाण्यासारखे वागले. काकांनी केस कापायचे नाहीत. बाबांनी चष्मा करायचा नाही. खेळताना शीळ वाजवायची नाही. कपाट वर न्यायचं, जरी ते जिन्यात कुणालाच खुपत नव्हतं. आईने केलेला चहा तसाच राहिला. सही करताना काकांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, कारण चष्मा त्यांनी काढून ठेवला होता.

लेकीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. दोन्ही पक्षांत एकही मुद्दा शिल्लक नाही, असा समझोता विरळाच, असं बाई भर वर्गात म्हणाल्या.

खरोखरच काही शिल्लक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काका खाली आले नाहीत. रस्त्यात भेटले की दोघं एकमेकांची चौकशी करत, तीही आदराने. शेवटी लेकच वर गेली.

"अगं, राग कसला?" काका म्हणाले. "पण शीळ वाजवल्याशिवाय मला चाल सुचत नाही. वाजवली तर करार मोडतो."

"मग करारच रद्द करू, काका. मी आत्ता फाडते."

"कागद फाडशील. तो केसांबद्दल म्हणाला, ते कसं फाडशील?"

लेक बाईंकडे गेली. बाईंनी विचारलं, "तुला काय वाटतं?" आणि नेहमीप्रमाणे त्या गप्प बसल्या. लेकीने ती शांतता रडून भरली. बाबांचा एकुलता एक मित्र मी गुणांसाठी खर्ची घातला, असं ती म्हणाली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अभ्यासक्रमात याच्यापुढचं काही नव्हतं.

मग तिने स्वतःच बुद्धिबळ शिकायला घेतलं. बाबा कौतुकाने शिकवतात. घोड्याची चाल ती अजून चुकते, शीळ तर तिला येतच नाही. बाबांचे केस आता एक नवीन माणूस कापतो, फार छान कापतो. गॅलरीत कसलाही आवाज नसतो, बाबांचं डोकं उत्तम चालतं आणि ते रोज जिंकतात. पहिल्यांदा जिंकले तेव्हा आईने टाळ्याही वाजवल्या होत्या.

परवा तर त्यांनी बघता बघता मात दिली. आणि लगेच सोंगट्या डब्यात भरू लागले.

"आणखी एक डाव मांडू या ना, बाबा," लेक म्हणाली.

"नको गं. उद्या तुझं कॉलेज आहे," बाबा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.