कुलवृत्तांत आणि लोकरीचं कव्हर

घराण्याच्या सातव्या पिढीतले बाळंभट काशीला जाताना वाटेत कुठे वारले, हे अनंतरावांनी टाइप करायला घेतलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. आचका नाही, उचकी नाही. पडदा काळा झाला आणि बाळंभट वाटेतच राहिले.

"अगं, पुन्हा गेला!" अनंतराव खोलीतून ओरडले.

"मग या बाहेर. चहा टाकलाय," स्वयंपाकघरातून शरयूताईंचा आवाज आला.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. घराणं मूळचं वाईचं. येत्या अक्षय्य तृतीयेला वाईच्या घाटावर सगळ्या कुळाचं संमेलन भरायचं होतं आणि त्यात घराण्याचा कुलवृत्तांत छापून वाटायचा होता. 'हे काम अनंतानंच करावं, त्याला वेळच वेळ आहे' असं वाईच्या चुलतभावानं, सुमंतानं, परस्पर ठरवून टाकलं. अनंतरावांनीही वरवर आढेवेढे घेतले आणि आतून खूश होऊन सांगलीतल्या आपल्या घरातली मागची खोली अडवली. सकाळी अंघोळ झाली की ते पूर्वजांत जाऊन बसत. मेलेल्या माणसांची चौकशी करण्यात ते इतके रंगत, की जिवंत माणूस चहाचा कप घेऊन दारात उभं राहिलं तरी त्याच्या वाट्याला 'ठेव तिथे' एवढेच दोन शब्द येत.

आता चैत्र लागला होता, सुमंताचा रोज फोन येत होता आणि कॉम्प्युटर घटकाभर चालला की मान टाकत होता. पुस्तक वेळेवर झालं नाही तर सगळ्या कुळापुढे नाक कापलं जाणार होतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या केरबाची रिक्षा बोलावली. शरयूताईंनी सीपीयूच्या डब्यावरचं लोकरीचं कव्हर हळूच काढलं, घडी घालून कपाटात ठेवलं. "कव्हर राहू दे हं घरी. दुकानात मळेल," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीचं दुकान जयराजचं. तो तासगावकडचा, तिशीतला, हाताला हलका आणि तोंडाला मोकळा. त्यानं डबा उघडला, आत फुंकर मारली आणि निदान सांगितलं.

"काका, ह्याचा प्रोसेसर तापतोय. लय तापला की मशीन सोताच बंद पडतंय. जळू नये म्हणून."

"म्हणजे शहाणाच म्हणायचा."

"शाना हायच. आपन त्येचं ऐकत न्हाई, येवढंच."

जयराजनं धूळ काढली, पंखा पुसला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि दिवसभर कॉम्प्युटर चालू ठेवला. हूं नाही की चूं नाही. अनंतरावांनी तो घरी आणला, शरयूताईंनी कव्हर चढवलं, बाळंभट पुन्हा काशीच्या वाटेला लागले आणि पुन्हा वाटेतच राहिले.

दुसऱ्या खेपेला जयराजनं पंखाच बदलला. तिसऱ्या खेपेला डब्याला आणखी एक पंखा लावला. दुकानात कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालायचा. घरी आला की त्याला ताप भरायचा.

"काका, तुमी घरात करताय तरी काय ह्येला?" जयराज डोकं खाजवत म्हणाला.

केरबा रिक्षा लावून आत येऊन उभा होता. त्याला राहवेना. "सायेब, माज्या मेव्हन्याची म्हस आशीच व्हती. बाजारात दावली की बादलीभर दूद, आनी घरी आनली की लाथा. खोट म्हशीत नसती बगा. घरात आसती."

अनंतरावांना ही उपमा आवडली नाही. पण घरी येऊन त्यांनी टेबल दक्षिणेच्या भिंतीपासून उत्तरेच्या भिंतीला नेलं. वायरमनला बोलावून घरातलं सगळं वायरिंग तपासून घेतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार चालला होता.

मग एका सकाळी शरयूताईंनी कव्हर धुवायला काढलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, पिळलं, परसातल्या दोरीवर वाळत घातलं. त्या दिवशी अनंतराव बाळंभटांना वाटेतच निरोप देऊन परत वाईला आले, आठवी पिढी संपवून नवव्या पिढीतल्या तीन बहिणींची लग्नं लावून मोकळे झाले. कॉम्प्युटर एकदाही थांबला नाही. उन्हं कलल्यावर शरयूताई वाळलेलं कव्हर घेऊन आल्या, डब्यावर घातलं, झालर सारखी केली. घटकाभरात पडदा काळा झाला.

अनंतराव काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून कव्हराकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगलीच्या चैत्रात आपण बिचाऱ्याला लोकरीचा स्वेटर घालून बसवलं होतं!

पण हे शरयूला सांगायचं कसं? गेल्या वर्षी मंडईतल्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. पोळी लाटता येईना, वेणी घालता येईना. घरातल्या प्रत्येक वस्तूला, टीव्हीला, मिक्सरला, अगदी पाण्याच्या फिल्टरलासुद्धा हातानं विणलेलं कव्हर घालणारी ही बाई, आणि तिला सुई धरता येईना. त्या चिडल्या, रडल्या आणि मग हट्टानं रोज थोडं थोडं विणायला बसल्या. किती महिने चाललं ते. त्या हातानं पूर्ण केलेली पहिली वस्तू म्हणजे हे कव्हर. मोरपंखी रंगाचं, चारी बाजूंना पांढरी झालर. "बरं झालंय का हो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा अनंतराव म्हणाले होते, "हे आता जन्मभर इथेच राहणार."

असा शब्द देऊन बसलेला माणूस काय बोलणार? अनंतरावांनी चोरून कव्हर काढायचं ठरवलं. काम करताना काढायचं, पावलं वाजली की घालायचं. दोन दिवसांत पकडले गेले.

"कव्हर का काढलंत?"

"अगं, ते... धूळ. आत धूळ गेलीय का बघत होतो. जयराज म्हणाला, धुळीमुळेच तापतो."

"अस्सं होय! मला आधी नाही का सांगायचं?" शरयूताई म्हणाल्या. आणि कव्हराला आतून जाड मांजरपाटाचं अस्तर लावून टाकलं. धुळीचा कण जायला नको. आता कॉम्प्युटर चहा उकळायच्या आत बंद पडायला लागला.

सुमंताचा फोन आला. "अनंता, प्रेसवाला थांबलाय. कुठवर आलाय?"

"अकराव्या पिढीत अडकलोय रे."

"लवकर ये बाबा खाली. आम्ही चौदाव्यात आहोत."

अनंतरावांना मग एक युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा केरबाला बोलावलं, "मोठा बिघाड दिसतोय, चार दिवस तरी लागतील" असं तोंड पाडून सांगितलं आणि कॉम्प्युटर उचलून जयराजच्या दुकानात नेला.

"आता काय दुरुस्त करू काका?"

"काही करू नकोस. एक खुर्ची दे आणि मला इथे बसू दे."

जयराजनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काकूंशी भांडान झालं व्हय?"

"नाही रे बाबा. होऊ नये म्हणून आलोय."

मोबाइलला काच लावून घ्यायला आलेली पोरं, प्रिंट काढायला आलेल्या मास्तरीणबाई आणि सोल्डरिंगचा धूर, या सगळ्यात बसून अनंतरावांनी चार दिवसांत तीन पिढ्या उरकल्या. रोज संध्याकाळी घरी जाऊन ते सांगत, "अजून सापडला नाही बिघाड." शरयूताई नुसतं "हं" म्हणत आणि ताट वाढत. अनंतरावांना ते 'हं' टोचत असे. घरात आता चहालाही कोणी बाहेर येत नव्हतं, कारण मागच्या खोलीत कोणी नव्हतंच. हे त्यांच्या ध्यानात येत होतं, पण शेवटचं पानच उरलं होतं. ते झालं की सगळं सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

केरबाच्या पोटात मात्र काही राहत नसे. मंडईतून शरयूताईंना आणताना तो म्हणाला, "काकू, सायबांची लय मजा हाय बगा. मशीन धडधाकट, पंख्याखाली खुर्ची, टकाटका टायपिंग चाललंय."

"रिक्षा दामटा," शरयूताई म्हणाल्या. "आधी घराकडे. थर्मास घेते. मग तिकडे."

दुकानाच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा अनंतरावांची बोटं कीबोर्डवर तशीच थिजली. शरयूताईंच्या एका हातात थर्मास होता आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"दुरुस्त झाला वाटतं," त्या म्हणाल्या.

जयराजला एकाएकी बाहेर काम आठवलं. केरबाला आठवलं नाही. तो दाराला टेकून उभा राहिला.

"शरयू," अनंतराव उठून म्हणाले, "त्यात बिघाड नव्हताच. वाईट वाटून घेऊ नकोस, पण... तो कव्हरामुळे तापतो."

"माहितीये मला."

"माहितीये? केव्हापासून?"

"धुतलं त्या दिवसापासून. दिवसभर तुम्ही खोलीतून बाहेर आला नाहीत. केलेला चहा गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. दोरीवरून कव्हर काढताना कळलं मला, आजच का नाही बंद पडला ते."

"मग ते अस्तर?"

"अस्तर मुद्दाम लावलं."

अनंतराव खुर्चीत बसले. "अगं पण का?"

शरयूताईंनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "तो तापला की तुम्ही बाहेर येत होतात. झोपाळ्यावर बसत होतात. त्या मशीनबद्दलच बोलत होतात, पण बोलत तर होतात. माझा हात मोडला तेव्हा रोज वेणी घालून द्यायचात मला. वेडीवाकडी. पण किती गप्पा मारायचो आपण. हात बरा झाला आणि तुम्ही जे सातव्या पिढीत गेलात, ते परत आलाच नाहीत."

अनंतरावांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोबद्दल इतकी माया दाटून आली, की दुकानात चारचौघांत डोळे पुसायची वेळ आली. "मी तुझ्या मनाला लागेल म्हणून बोललो नाही," ते एवढंच म्हणाले. मग शरयूताईंना हसू फुटलं आणि त्यांनाही.

"म्हंजी म्हशीत खोट न्हवतीच," केरबा समाधानानं म्हणाला.

कॉम्प्युटर रिक्षातून घरी आला. शरयूताईंनी तो मांडीवर धरला होता, वर पिशवीतलं कव्हर होतं, कारण रस्त्यावर खरोखरच धूळ होती. घरी अनंतरावांनी कव्हर काढून त्यांच्यादेखत खुंटीला लावलं आणि शेवटचं पान उघडलं. ते त्यांचं स्वतःचंच पान होतं. शरयूताई खांद्यावरून वाचायला लागल्या.

"'अनंत. पत्नी शरयू, माहेर हरिपूर.' एवढंच? काशीला न पोचलेल्या बाळंभटांना दीड पान आणि मला अर्धी ओळ?"

"तू सांग, मी घालतो. शिक्षण, छंद..."

"छंद विणकाम. आणि पोहणं."

"तुला पोहता येतं?"

"हरिपूरला संगमावर या काठाहून त्या काठाला जायचे मी. मुलींत मी एकटी. तुम्ही कधी विचारलंच नाही."

अनंतरावांनी कीबोर्डवरचे हात उचलले. ते उठले, खुंटीवरचं कव्हर काढलं, अस्तरासकट चालू डब्यावर चढवलं आणि झालर चारी बाजूंनी नीट खाली ओढली.

"अहो, बंद पडेल ना!"

"पडू दे. चल बाहेर, नीट सगळं सांग."

झोपाळ्यावर दोघं बसली असताना सुमंताचा फोन आला. "अनंता, झालं का?"

"एकच पान राहिलंय. उद्या पाठवतो," अनंतराव म्हणाले. "मशीन फार तापतंय रे."

आत पडदा काळा झाला. शरयूताई तेव्हा पाण्यात नुकत्याच उतरल्या होत्या, पलीकडचा काठ अजून बराच लांब होता, आणि दोघांपैकी कोणीही उठलं नाही.