साडभाऊंच्या पडद्यावरचा चेंडू

“आपल्याच्यात चेंडू काऊन नाई?”

वामनरावांनी सकाळपासून हे इतक्यांदा विचारलं होतं की रेणुकाबाईंनी मान वर करणंही सोडून दिलं होतं. त्या कुरडयांचा चीक हाटत होत्या. चूल पेटलेली, घामाच्या धारा लागलेल्या, आणि नवरा ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन रुसून बसलेला.

“अवो, चेंडू लेकराले पायजे असते. तुमाले कायले पायजे?”

“मले चेंडू नाई पायजे. अमृतरावाले भेटला अन् मले काऊन नाई भेटला, थे सांग.”

रेणुकाबाईंनी पळी जरा जोरात फिरवली.

प्रकरण धोंड्याच्या महिन्यातलं. अधिकमास म्हणजे जावयांची सुगी, आणि रेणुकाबाईंच्या माहेरी जावई दोन. थोरले वामनराव, धाकटे अमृतराव. दोघेही मुधोळातच, एक गल्ली सोडून. साडभाऊ, म्हणजे दोन साडू, एका गावात असू नयेत, असं भैंशाच्या सासूबाईंना फार उशिरा कळलं. एकाला उपरणं दिलं की दुसरा आपल्या उपरण्याचा काठ बोटांनी मोजून पाहायचा. मागच्या धोंड्यात अमृतरावांच्या ताटातला अनारसा जास्त खुसखुशीत होता, हे वामनराव तीन वर्षं विसरले नव्हते.

म्हणून या वर्षी, एकोणीसशे नव्याण्णवला, मेहुण्याने म्हणजे उत्तमरावाने शहाणपणा केला. तो हैदराबादेत एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम पाहायचा. सन दोन हजार लागलं की जुनी यंत्रं बंद पडणार, असं कोणीतरी त्याच्या साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यांनी दहा-दहा वर्षांचे लॅपटॉप काढून टाकले. उत्तमरावाने त्यातले अगदी सारखे दोन उचलले आणि अनारशांच्या ताटासोबत दोन्ही जावयांच्या हाती ठेवले. रंग सारखा, पिशवी सारखी. वामनरावांनी तरीही अमृतरावांच्या किराणा दुकानात नेऊन दोन्ही तराजूवर घातले. काटा मध्ये थांबला तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

बरं, वामनरावांच्या लॅपटॉपला काम तरी होतं. त्यांचं बियाण्याचं दुकान होतं, पण त्यांना गावात मान होता तो स्थळांमुळे. मुधोळ, भैंसा, धर्माबाद, किनवट, थेट मंचेरियलच्या कोळसा खाणीपर्यंत कोणाचा पोरगा लग्नाचा आहे, कोणाची पोरगी किती शिकली, कोणाला मंगळ आहे, हे सगळं वामनरावांना ठाऊक. रविवारी त्यांच्या ओसरीवर चपला मावायच्या नाहीत. ती सगळी स्थळं त्यांनी एकेका बोटाने इंग्रजी अक्षरांत लॅपटॉपमध्ये घातली आणि पत्ते-गोत्रं लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचं गाठोडं बायकोपुढे टाकलं. “घे, चुलीत घाल. आता सगळं मशीनमधी हाय.” चिठ्ठ्या चांगल्या वाळलेल्या होत्या. भराभर पेटल्या.

अमृतराव आपल्या लॅपटॉपवर दुकानातले दोन-चार भाव टाकण्यापलीकडे काही करत नव्हते. गल्ल्याशेजारी उघडून ठेवायचे, एवढंच. आणि त्याच्यातच चेंडू यावा! पांढरा, ज्वारीच्या दाण्याएवढा. पडद्याच्या या कडेला आपटायचा, त्या कडेला जायचा, अक्षरांवरून टुणटुण उड्या मारायचा. बघायला अर्धं गाव लोटलं. गर्दीत वामनरावही गेले, हात मागे बांधून.

“आपोआप उडते?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आपोआप. मी हातबी लावत नाई,” अमृतराव म्हणाले. “नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं फ्लॉपी देल्ली होती, खेळाची. थो खेळ काई चालला नाई, पण तवापासून हा चेंडू आला. तुमच्याच्यात नाई का, साडभाऊ?”

‘तुमच्याच्यात नाई का’ हे शब्द वामनरावांच्या थेट काळजात गेले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. हेव्याने माणूस वाळतो म्हणतात; वामनराव तर आधीच किडकिडीत होते. थोरला जावई मी, पहिलं लग्न माझं, सासऱ्यांची मूळव्याध नांदेडला नेऊन दाखवली मी, आणि चेंडू कोणाच्या पडद्यावर? मागणं तर शक्यच नव्हतं. धाकट्यापुढे हात पसरण्यापेक्षा बिनचेंडूचं मरण बरं.

पण डोकं गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी ते एक कोरी फ्लॉपी घेऊन साडूच्या दुकानात गेले.

“अमृतराव, तुमच्या मशीनमधले शेंगदाण्या-तुरीचे भाव जरा यात उतरवून द्या ना जी. मले पायजे होते.”

“भाव? थे तर बाहीर पाटीवर लिवले हायेत.”

“पाटीवरचे नको. मशीनमधले द्या.”

अमृतरावांनी मान हलवत भाव उतरवून दिले. वामनराव तुरतुर घरी आले, दार लावलं, फ्लॉपी आत सारली आणि ती तशीच ठेवून लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. थोडा वेळ काही नाही. मग एकदम, अहाहा! किनवटच्या एका उपवर मुलीच्या नावामागून तो पांढरा दाणा निघाला आणि टुणकन उडाला.

“रेणुके! आला! आपल्याबी घरी आला!”

रेणुकाबाईंना वाटलं पाहुणेच आले. त्या पदर सावरत बाहेर आल्या, पाहिलं, आणि चुलीकडे परत गेल्या.

वामनरावांनी साडूला मुद्दाम चहाला बोलावलं. चहा होईपर्यंत दोघे पडद्यासमोर मांडी घालून बसले.

“उडते बा,” अमृतराव बारीक तोंड करून म्हणाले.

“उडते? तुमच्यापेक्षा जोरात उडते. जरा नीट पाहा.”

“जोरात-बिरात काई नाई. सारखाच हाय.”

“तुमचा त्या कोपऱ्यात जाताना दमते. आमचा दमत नाई.”

ही दोन माणसं पन्नाशीच्या घरातली होती, हे सांगितलेलं बरं.

सुख रविवारपर्यंत टिकलं. रविवारी नागोराव आले. हे शेजारच्या खेड्यातले कापूस पिकवणारे शेतकरी, साधे आणि घाईतले. पोरीसाठी मंचेरियलच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा वामनरावांनीच सुचवला होता. मुलाकडचे बुधवारी पोरी पाहायला याच भागात येणार होते, आणि ते उतरणार तिथला पत्ता, मुलाचं गोत्र, मामाचं नाव सगळं लॅपटॉपमध्ये होतं.

“काढा जी तेवढं. बुधवारी भेटलो नाई तर थे लोक दुसरीकडं पोरगी पाहतीन,” नागोराव म्हणाले.

“आत्ता काढतो. फक्त चेंडू थांबू द्या.”

चेंडू थांबला नाही. उलट यंत्र थांबलं. पुन्हा सुरू केलं तर किनवटची मुलगी दोनदा दिसू लागली, भोकरच्या मुलाचं अर्धंच नाव राहिलं, आणि मंचेरियलवाला उघडेचना. वामनरावांनी बटणं दाबली, लॅपटॉप हलवला, फुंकर मारली. नागोराव पाहतच राहिले.

“वामनराव, अवो, माझ्या पोरीचा सवाल हाय.”

“हाय ना, हाय. कुठं जाते थे? यातच हाय,” वामनराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एक फुंकर मारली.

ते तसेच एसटीडी बूथवर गेले आणि हैदराबादला फोन लावला. बोलणं सुरू केलं ते मात्र टोमण्यानेच.

“उत्तमराव, तुमी आमाले चेंडू देल्ला नाई, तरी आमी आमचा मिळवला बरं का. फक्त थो जरा बाजूले कसा सारायचा, थे सांगा.”

“चेंडू? कोणता चेंडू, दाजी?”

वामनरावांनी वर्णन केलं. मग उत्तमराव ओरडलाच.

“अय्यो, दाजी, थो व्हायरस हाय! रोग हाय मशीनचा! कीड लागली कीड! फ्लॉपीतून आली असन. बंद करा आत्ताच्या आत्ता. मी येईपरेंत चालू करू नका, फ्लॉपी घालू नका. नाईतर आतलं समदं जाईन!”

समदं जाईन? चिठ्ठ्या चुलीत गेलेल्या. एवढ्या घरांचा विश्वास, एवढ्या पोरापोरींची लग्नं! उद्या लोक म्हणतील, वामनराव म्हणजे कोण? भेंडीचं बी विकते तो. ते बूथमध्येच स्टुलावर टेकले.

घरी जाताना अमृतरावांना सांगणं भाग होतं. “कीड लागली” एवढंच अमृतरावांनी ऐकलं आणि त्यांचं काम सोपं झालं. जन्म गेला किराण्यात! धान्याला कीड लागली की काय करायचं, हे त्यांना कोणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी लॅपटॉप पार उघडून माळवदावर धोतरावर पसरला, वरून कडुनिंबाचा पाला टाकला आणि कडक ऊन खायला सोडून दिला. मे महिन्याचं मुधोळचं ऊन! त्यात पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून यायची.

वामनरावांनी आपल्या माळवदावरून ते पाहिलं. झालं!

“पाह्यलं? त्याच्या मशीनची कीड दुपारपर्यंत मरन. आपली तशीच राहीन. सार त्या कुरडया, मले जागा दे.”

“खबरदार!” रेणुकाबाई पळी घेऊनच वर आल्या. “वर्साचं वाळवण हाय माझं. एक कुरडई हालवाल तर पाहा. अन् भाऊ काय म्हणला? हात लावू नका म्हणला ना? मंग?”

“पण अमृतरावाच्या माळवदावर ऊनबी जास्त हाय...”

“ऊन सगळ्याइच्या घरी सारखंच पडते. चला खाली.”

वामनराव खाली आले. लॅपटॉप फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवला होता, त्याच्याजवळ बसून राहिले. दारावर कोणी आलं की रेणुकाबाई सांगायच्या, “घरात आजारी हाय.” लोक विचारायचे, “कोण?” त्या म्हणायच्या, “लॅपटॉप.” नागोराव मात्र ओसरीवरून हललेच नाहीत. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. वामनरावांना त्याचीच जास्त भीती वाटायची.

मंगळवारी दुपारी उत्तमराव बसने आला. पाणी प्यायला आणि लगेच कामाला लागला. त्याने पिशवीतून एक फ्लॉपी काढली आणि तिच्या कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवलेली दाखवली.

“हिच्यावर आता काई लिवता येत नाई. म्हणून हिले रोग लागत नाई. मशीन हिच्यावरून सुरू करायची, म्हणजे चेंडू जागाच होत नाई. मंग एक-एक स्थळ नव्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. मंग आतलं समदं पुसायचं, अन् स्थळं परत भरायची.”

“पुसायचं?” वामनराव किंचाळले.

“आधी उतरवून घेऊन ना, दाजी! गप बसा जरा.”

गप कसले बसतात! प्रत्येक फाइल उतरताना यंत्र कुरकुरायचं आणि वामनराव देवाचं नाव घ्यायचे. किनवट उतरलं. धर्माबाद उतरलं. मंचेरियलला यंत्र अडलं. नागोराव उठून उभे राहिले. उत्तमरावाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा बराच वेळ कुरकुर झाली आणि पडद्यावर मुलाचं नाव, गोत्र, मामा, पत्ता, सगळं नीट उमटलं.

नागोरावांनी डोळे पुसले. पत्ता हातावरच लिहून घेतला आणि चपला हातात धरूनच पळाले. वामनरावांनी मेहुण्याला मिठी मारली. रेणुकाबाईंनी भावाच्या हातावर साखर ठेवली. आतलं सगळं पुसून, स्थळं परत भरून यंत्र पुन्हा सुरू केलं, तेव्हा पडदा स्वच्छ होता. चेंडूचा मागमूस नव्हता, आणि गंमत म्हणजे वामनरावांना त्याची आठवणही आली नाही.

मग सगळे अमृतरावांकडे गेले.

तिथे सुतक पडल्यासारखं होतं. अमृतरावांच्या लॅपटॉपचा पडदा तव्यासारखा काळा पडला होता, झाकण उन्हाने वाकलं होतं आणि बटणांच्या फटीत कडुनिंबाची पानं अडकली होती. उत्तमरावाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली.

“कीड मेली का नाई?” अमृतरावांनी विचारलं.

“मेली. संगं मशीनबी मेली.”

वामनरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “होते असं, अमृतराव. धीर धरा.” धीर देताना माणूस किती मोठा होतो! त्या घटकेला वामनराव चांगले बोटभर उंच दिसत होते.

उत्तमराव मात्र कपाळाला हात लावून बसला होता. “धाकले दाजी, असं नाई चालत. धोंड्यात जावयाले देल्लेली वस्तू त्याच महिन्यात मोडली म्हणजे अशुभ असते. आईले कळलं तर थे जेवणार नाई. बदलून देणंच हाय मले.”

आणि त्याने आपल्या पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून अमृतरावांच्या हातात ठेवला. नवा कोरा. वजनाला निम्मा. उघडला तर पडदा रंगीत! निळं पाणी, हिरवं शेवाळ, आणि मधून एक लाल मासा सळसळत गेला. अमृतराव बोटाने मासा धरायला लागले. दारात गर्दी जमायला लागली.

वामनरावांचा साडूच्या खांद्यावरचा हात हळूच खाली आला. ते मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना पाहत राहिले.

“तुमाले काय झालं आता?” रेणुकाबाई कुजबुजल्या. “तुमचं तर समदं वाचलं ना?”

“तेच तर!” वामनराव रडवेले होऊन म्हणाले. मग त्यांनी मेहुण्याची बाही धरली, त्याला ओढत कोपऱ्यात नेलं आणि काकुळतीला येऊन विनवलं, “उत्तमराव, आमच्यावालं एकदा परत नीट पाहा ना जी. थोडंतरी गेलंच असन!”