जगदेवरावांच्या छातीतला धूर

या, असे जवळ सरका. बुवा अजून फराळाला बसलेत, मृदंगाला कणीक लागायचीय, तोवर एक गोष्ट सांगतो. हसाल तर पोटभर हसाल, पण हसता हसता एकदा हात जोडाल, हा माझा शब्द!

गोष्ट आमच्या जगदेवरावांची. मेडशीकडं तोंड करून निघालात की डाव्या हाताला जे गाव लागतं, ते आमचं. आणि आमच्या गावात टाळकरी म्हणजे जगदेवराव! कीर्तनात ते बुवांच्या मागं उभे राहिले की बुवा पुढचे की मागचे, हे परगावच्या माणसाला विचारून घ्यावं लागायचं. आवाज असा की एकदा त्यांनी गजर उचलला आणि फाट्यावर उभी असलेली यष्टी, ड्रायव्हर उतरून आला म्हणून, अर्धा तास हलली नाही! गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, मनानं लोणी. आम्हाला आजही त्यांचा अभिमान आहे.

खोड एकच. ‘मला येत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाले नाहीत. "जगदेवराव, पोहता येते काय?" म्हटलं की, "मासोया मायाकडूनच शिकल्या ना बाप्पा!" प्रत्यक्षात गडी गुडघाभर पाण्यातही काठाला धरून उभा.

सत्त्याहत्तर सालच्या शिमग्याच्या आगेमागे ते मंगरूळपीरला गेले. पोरगी रुख्मिणी लग्नाची झाली होती आणि तिथल्या मारोतरावांचा मुलगा मास्तर होता. स्थळ देखणं, घर शहाणं. पोरीनं एकदा दुरून मुलगा पाहिला होता आणि तेव्हापासून घरात भाकऱ्या करपत होत्या. म्हणजे ही सोयरीक जमणं किती गरजेचं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मारोतराव सरकारी कचेरीत ओव्हरशिअर. दारात सायकल, घरात खुर्च्या, आणि तोंडात पाईप! जगदेवरावांनी विडी पाहिली होती, चिलीम पाहिली होती, हुक्काही पाहिला होता. पण हे प्रकरण म्हणजे चिलीम झोपेत कुशीवर वळल्यासारखं! ते बघतच राहिले.

मारोतरावांनी सहज विचारलं, "तुम्ही काय घेता, जगदेवराव? विडी चालेल?"

प्रश्न साधा होता हो. पण जगदेवरावांना वाटलं, आता विडी म्हटलं की पोरगी जन्मभर विडीवाल्याची पोरगी.

"छ्या! विडी कोण ओढते? आमी पाईपच ओढतो!"

"पाईप?" मारोतराव खुर्चीत ताठ झाले. "कधीपासून?"

"मिशा फुटल्या तवापासून!"

"वा! आणि तंबाखू कोणता वापरता?"

आली का पंचाईत! तंबाखूला नावं असतात हेच जगदेवरावांना ठाऊक नव्हतं. आठवून आठवून काय आठवलं, तर डॉक्टरनं मागं दिलेलं खोकल्याचं औषध.

"मिक्श्चर!" ते ठोकून बोलले.

"मिक्श्चर! चार तंबाखू एकत्र केलेलं! म्हणजे जाणकार आहात तुम्ही!" मारोतरावांनी त्यांचा हातच धरला. "मग ठरलं. तुमच्या सप्ताहाच्या काल्याला आम्ही दोघं येतो. मुलगीही पाहू, आणि तुमचं मिक्श्चरही पाहू!"

परतीच्या यष्टीत जगदेवरावांना जो घाम फुटला, तो गावापर्यंत निथळत होता. पण घरी बायकोला, प्रयागबाईला, एवढंच सांगितलं, "पाईप आणाले अकोल्याले जातो."

अकोल्याच्या दुकानदारानं लाकडाचा एक पाईप दिला आणि डबे उघडून समोर मांडले. पहिल्याला मुरंब्यासारखा वास. "हे काय लेकराचं खाणं हाय?" म्हणून तो बाजूला. दुसरा उघडला तर दुकानदार मोठ्या कौतुकानं म्हणाला, "याला रमचा पूट आहे बरं का!"

"दारूचा?" जगदेवरावांनी एका हातानं नाक धरलं, दुसऱ्यानं तुळशीची माळ. "झाका, झाका! माळकरी माणूस हाय मी!"

तिसरा डबा दुकानदारानं अर्धाच उघडला. "हा राहू द्या. फार कडक. नव्या माणसाला झेपायचा नाही."

"नवा? कोण नवा? बांधा!"

आणि तोच घेतला!

इकडं गावात निराळंच नाटक उभं राहिलं होतं. विहिरीपासून परसापर्यंत पाण्याचा पाईप टाकून द्या, म्हणून प्रयागबाई किती वर्षं धन्याच्या मागं लागली होती. धनी पाईप आणायला अकोल्याला गेला म्हटल्यावर ती माउली हरखली! तिनं सालदाराला, लखमाला, बैलगाडी जुंपून फाट्यावर धाडला. लखमा वयानं जगदेवरावांपेक्षा मोठा, नेमानं पोहरादेवीला जाणारा, अंगानं काटक आणि चिलमीचा भक्त.

यष्टी थांबली. लखमा टपाकडं बघत धावला.

"मालक, पाईप वर हाय काय? किती फुटी हाय?"

जगदेवरावांनी खिशातून पाईप काढून दाखवला.

लखमानं तो पाहिला. मग बैलांकडं पाहिलं. मग पुन्हा पाईपाकडं.

"याच्यासाठी म्या दोन बैल जुंपले?"

घरी प्रयागबाईनं पाईप हातात घेऊन एका टोकानं आत डोकावून पाहिलं. "याच्यातून पाणी जाईन काय हो परसाले? मुंगी तं आंघोळ करन का नाई याची बी शंका हाय मले!"

खरं काय ते सांगावंच लागलं. मंगरूळपीरची थाप ऐकून प्रयागबाई कपाळाला हात लावून बसली. "पोट्टीच्या सोयरिकीत कायले असा घोळ घालून ठेवला? काल्यापर्यंत शिका आता! नाई शिकले तं याद राखा, त्याच पाईपानं चूल फुकाले लावीन!"

शिकायचं, पण शिकवणार कोण? लखमा पुढं झाला. "त्यात काय हाय मालक? चिलीमच हाय ते, कंबर मोडलेली."

झालं! गोठ्यामागं शाळा भरली. लखमानं पाईपात तंबाखू अंगठ्यानं ठोसून ठोसून असा भरला, जसा बोंद्रीत, म्हणजे मोठ्या पोत्यात, कापूस भरतात. दांडीच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली, पाईप दोन्ही मुठींत उभा धरवला आणि म्हणाला, "आता डोये मिटा, देवाचं नाव घ्या, अन् बेंबीपासून ओढा!"

जगदेवरावांनी बेंबीपासून ओढला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग डोळे मोठे झाले. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग असा ठसका आला की गाईनं दावं तोडलं, कोंबड्या छपरावर गेल्या आणि शेजारची रुखमाबाई ओरडत आली, "काय झालं व माय? इंजिन फुटलं काय?"

"काही नाई," जगदेवराव भिंतीला धरून म्हणाले. "जरा कडक हाय. पण मले झेपते."

जीभ अशी पोळली होती की दोन वेळा ताकावर राहिले. आणि पाईप तर दर झुरक्याला विझे. काडी लावली, विझला. लावली, विझला. काड्यापेट्यांचा ढीग पाहून प्रयागबाई म्हणाली, "एवढ्या काड्यांत तं रावणाची लंका पेटली असती!"

पण गडी हटला नाही, हे लक्षात घ्या. डबा कडक आहे ना? मग तो मवाळ करू! त्यांनी त्यात गावरान तंबाखू कालवला, त्यावर गुळाच्या पाण्याचा शिपका दिला, लवंगा कुटून टाकल्या. तरी काहीतरी कमी वाटलं, म्हणून देवघरातला ऊदही घातला! सुपात पसरून सावलीत वाळवला. आणि एका सकाळी त्यांना अचानक उमगलं. लखमाचं बेंबीपासून ओढणं चुकीचं. कीर्तनात झील धरताना श्वास कसा जपून, थोडा थोडा सोडतो, तसाच धूर तोंडातच खेळवायचा, छातीत न्यायचा नाही. भरायचा सैल, ओढायचा संथ. पाईप विझेना! निळा धूर उठला आणि अंगणभर असा वास सुटला की रुखमाबाई भिंतीपलीकडून विचारती झाली, "आज कायची पूजा हाय व, प्रयागबाई?"

"पाह्य! असं मिक्श्चर अकोल्याच्या बापानं पाह्यलं नसन!" जगदेवराव म्हणाले. आणि खोटं काय त्यात? कोणी न शिकवता, फक्त भजनाच्या दमावर शिकला होता माणूस!

काल्याचा दिवस आला. हनुमान जयंती. मारोतराव आणि त्यांच्या पत्नी भागिरथाबाई येऊन अगदी पुढं, बुवांच्या समोर बसले. मारोतरावांच्या तोंडात नुसताच, न पेटवलेला पाईप. देवासमोर बसलेत म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं.

जगदेवराव देवळामागं होते. कीर्तनानंतर मारोतरावांसमोर फजिती नको, म्हणून एकदा शेवटचं पेटवून पाहत होते. तेवढ्यात हाक आली, "जगदेवराव! बुवा उभे राह्यले!"

आता काय करतात? पाईप तसाच बंडीच्या छातीवरच्या खिशात कोंबला आणि धावत येऊन टाळ हातात घेतले. विझेल आपोआप, आधी तर दर झुरक्याला विझायचा!

पण त्या दिवशी तो विझेना!

बुवांचं निरूपण विरहावर होतं. गोपींची तगमग सांगता सांगता ते डोळ्यांना उपरणं लावत होते. मृदंग घुमत होता. जगदेवरावांना छातीशी ऊब लागली. मग चटका. मग चांगलाच चटका! दोन्ही हातांत टाळ, गजर रंगात आलेला, आणि टाळ थांबवणं म्हणजे देवाचा अपमान. ते नुसतेच उडी मारून खाली आले.

"वा!" बुवा म्हणाले. "रंगले बरं का जगदेवराव!" आणि त्यांनी लय वाढवली.

लय वाढली तशी उडी वाढली. उडी वाढली तसे खिशातले निखारे हलले. निखारे हलले तशी उडी आणखी वाढली! मृदंगी घामानं निथळला. अशी पावली आमच्या गावानं आजवर पाहिली नव्हती. म्हातारे डोळे पुसू लागले.

बुवांनी हात वर केला, मृदंग थांबला. "बाप्पांनो, खऱ्या भक्ताच्या काळजात आग असते! आग! पण तिचा धूर कधी कोणाला दिसत नाही!"

"दिसून राह्यला ना बुवा!" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळं देऊळ उठून पाहू लागलं. जगदेवरावांच्या छातीतून निळा धूर निघत होता! आणि वास कसला? उदाचा! लवंगेचा! बायांनी पदर पसरले. एकीनं पाय धरले. दुसरीनं तिचे हात बाजूला सारून स्वतः धरले. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून जगदेवरावांच्या गळ्यात घातला, तर हारातली झेंडूची फुलंही धुमसू लागली!

"सोडा माय, पाय सोडा!" जगदेवराव कळवळून म्हणत होते. "जळून राह्यलो मी!"

"पाहा पाहा, जळतो म्हणते!" लोक आणखीच गहिवरले.

त्या एवढ्या गर्दीत एकाच माणसाला कळलं की हे जळणं कसलं आहे. लखमाला! तो खांबाजवळ होता. पाणी शोधायला वेळ नव्हता. काल्याची हंडी अजून फोडायची होती, दह्यालाह्यांनी काठोकाठ भरलेली. त्यानं ती दोरीवरून उतरवली आणि जगदेवरावांच्या छातीवर पूर्ण उपडी केली!

चर्र्र झालं. "अरे परसाद! परसाद सांडला याने!" दोघा-तिघांनी लखमाला धरून बाहेर ढकललं. आणि तेवढ्यात जळक्या खिशातून दह्यानं माखलेला पाईप सटकला आणि घरंगळत बरोबर मारोतरावांच्या पायाशी जाऊन थांबला.

बायांच्या गर्दीत रुख्मिणी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक.

मारोतरावांनी पाईप उचलला. जगदेवरावांच्या मिशांवरून दही ओघळत होतं.

"मारोतराव," ते म्हणाले, आणि एवढा मोठा आवाज पार खाली आला होता, "टाळ हातात हाय, देव समोर हाय. आता खोटं बोलता येत नाई. म्या थाप मारली. मले पाईप येत नव्हता. तुमच्यासाठी शिकलो. तुमाले माया राग आला तं मायावर काढा. पोट्टीत काही खोट नाई."

मारोतराव पाईप उलटासुलटा करून पाहत होते. मग त्यांच्या शेजारून खुदकन हसण्याचा आवाज आला. भागिरथाबाई!

"अहो, आता तुम्हीही बोलून टाका की!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. आणि ते बोलेनात म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या. "यांच्या साहेबानं बदली होताना हा तोंडातला पाईप यांना दिला. एकदाच पेटवला होता, तर रात्रभर ओकले! मी म्हटलं, घरात धूर दिसला तर मी माहेरी जाईन. तेव्हापासून नुसता कोराच चोखत बसतात, लेकरू अंगठा चोखते तसा!"

देऊळ असं हसलं की बुवांनी चिपळ्या खाली ठेवून पोट धरलं! मारोतराव आधी लाजले, मग तेही हसले. त्यांनी हातातला दह्याचा पाईप नाकाशी नेला.

"जगदेवराव, पण हे मिक्श्चर कोणतं हो? वास भारी आहे."

"घरचंच हाय," जगदेवराव म्हणाले, आणि मान थोडी वर झाली.

"जे माझ्या साहेबाला आयुष्यभर जमलं नाही ते तुम्ही घरी केलं! अशा घरची मुलगी मी सोडतो होय?"

तिथंच, देवासमोर, नारळ फुटला. बुवा म्हणाले, "मी इतकी वर्षं काळजातल्या आगीचं निरूपण करतो, धूर मात्र आज पाहिला!" बायांनी जगदेवरावांच्या बंडीवरच्या लाह्या वेचून डोळ्यांना लावल्या. आम्ही सगळ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! छातीवर रुपयाएवढा डाग राहिला आहे त्यांच्या, अजूनही कौतुकानं दाखवतात.

पण त्या धांदलीत एक गोष्ट राहूनच गेली हो. ज्यानं हंडी ओतून माणूस वाचवला, त्याला कोणी आत बोलावलंच नाही. लखमा बाहेर बैलांना कडबा टाकत उभा होता, आणि आत सगळं गाव नारळाचं खोबरं खात होतं. त्याला त्या वर्षी काला मिळाला नाही. शिव्या तेवढ्या मिळाल्या.

म्हणून विनंती एवढीच. आज तुमच्या हातावर काला पडेल, तेव्हा त्यातली एक लाही लखमाच्या नावानं बाजूला ठेवा. भला माणूस होता. फक्त पाईप कसा ओढायचा हे त्याला विचारू नका, एवढंच!