सर्जेतात्यांचा गर्दीवर भरवसा नाही

सर्जेतात्यांनी मैदानाच्या गेटवर माझ्या बायकोनं बांधून दिलेला लाडू जप्त केला. आधी हातात तोलला, मग गेटच्या लोखंडावर ठकठक वाजवून बघितला आणि म्हणाले, "ह्यो आत जायचा न्हाई. कुणाच्या टकुऱ्यात बसला म्हंजे?" लाडू कडक झाला होता हे खरं, पण आजवर त्यानं दातांपलीकडं कुणाचं नुकसान केलेलं नव्हतं.

तात्या फौजेतले हवालदार. पेन्शनवर आल्यावर साताऱ्यात आमच्या गल्लीत घर बांधून राहिले. एक मुलगा शिरवळला कंपनीत, पण तो फौजेत गेला नाही म्हणून बापानं बोलणं टाकलेलं. आम्ही त्या पोराला कधी बघितलंही नव्हतं.

गेल्या वर्षी सांगलीकरांशी आमचा सामना होता. प्रेक्षकांतून दगड आला तो थेट रेफ्रीच्या कपाळावर. रक्तानं शर्ट भिजला बिचाऱ्याचा. पण आमच्या चहाच्या गाड्यावर त्याचं फार कुणाला वाटलं नाही. फुटबॉल म्हटला की इर्षा आली, इर्षा आली की एवढंतेवढं व्हायचंच! "दगूड न्हाई पडला तर म्याच कसली?" असं विचारणारेही निघाले. तात्या मात्र दुसऱ्याच दिवशी फुटबॉल मंडळात गेले आणि गेटची ड्यूटी मागून घेतली. पगार नको म्हणाले, चहासुद्धा नको.

तेव्हापासून आमच्या मागं चेकिंग लागलं. पाण्याची बाटली दिसली की, "टोपान काढा, वास घिऊ द्या." छत्री दिसली की, "आभाळ कुठं हाय?" लग्नाहून परस्पर आलेल्या एका पाहुण्याच्या पिशवीतला नारळ काढून घेतला आणि वर त्यालाच म्हणाले, "पत्रिका दाव." "गरीब दिसतूय त्योच पैला दगूड मारतुया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना माझ्याकडंच का बघायचे, देव जाणे!

मग मलाही त्यांचा संशय यायला लागला. या माणसाला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. खेळ सुरू झाला की हा गडी गेट लावून मैदानाकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड करून उभा! गोल झाला तरी मान वळत नाही. आमचा भिकू म्हणायचा, "तात्या आतनं सांगलीचा हाय गड्या. सासुरवाड विट्याची हाय त्येची." मला ते पटलंसुद्धा.

यंदा पुन्हा सांगलीशीच गाठ पडली, आणि रेफ्री तोच. कपाळावरचा व्रण लांबूनही दिसत होता. बरोबरीत चाललेल्या सामन्यात अगदी शेवटाला त्यानं आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. झालं! सगळं मैदान उठलं. शिव्यांचा नुसता पाऊस. भिकूनं फुटक्या पायरीतला विटेचा तुकडा उपसला आणि ओरडला, "विकलाय त्यो! कुणाचं प्वार हाय रं ह्ये? बोलवा त्येच्या बापाला!"

तात्या दोन ढांगांत त्याच्यासमोर आले.

"हितंच हाय बाप. मार."

भिकूचा हात वरच राहिला. "आवं तात्या, चेष्टा करताय व्हय?"

"माझं प्वार हाय त्ये. गेल्या टायमाला म्या घरात बसून ऱ्हायलो, सांगायला शेजारी आला. आज न्हाई बसायचो. आदी मला मार, मंग तिकडं फेक."

आवाज चढलेला नव्हता. भिकूनं वीट खाली ठेवली. आसपासची माणसं एकेक करून बसली. पेनल्टीवर गोल झाला, आम्ही हरलो.

सामना संपल्यावर पोरगा गेटपाशी आला. वाट तेवढी एकच. बापलेक समोरासमोर उभे. आम्ही उगाच चपला शोधल्यासारखं करत रेंगाळलो.

तात्यांनी विचारलं, "पेनल्टी खरंच व्हती का रं?"

"व्हती, आबा."

"मंग बास."

त्यांनी त्याच्या कपाळावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"चल घरला," ते म्हणाले. "आई रोज तुजं ताट वाढून ठेवतीया."